गोकुळच्या नावानं

वृषाली: ...आणि आता हे नाव मागतंय. बॉटला नाव दिल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही.

गोकुळ: बॉट म्हंजी नेमकं काय वो, वृषालीताई? सकाळधरनं ऐकतोय, पर डोक्यात काय शिरंना.

वृषाली: अहो, आपल्या ऑफिसच्या चॅटमध्ये बसणारा एक खोटा माणूस समजा. कुणी काही विचारलं की तो उत्तर देणार. आज नुसतं सॅम्पल बसवतेय, ॲपवाल्यांकडून तयारच मिळतं ते. ते चाललं की मग त्यात आपलं भरायचं. क्रेट किती निघाले, गाडी कधी लागणार, सुट्टीवर कोण. बाळासाहेब काकांना उद्या मुंबईच्या पार्टीला दाखवायचंय, आमचं टोमॅटोचं पॅकहाउस बघा कसं पुढारलंय ते.

गोकुळ: शेठ तुमचं सख्खं चुलतं. त्यांना हौस आन तुमाला काम. त्यात माझा फोन कशापायी?

वृषाली: मी इकडून बसवणार, तर तिकडून कुणीतरी मेसेज टाकून बघायला नको का? तुम्ही पॅनलरूमच्या दारात रिकामे दिसलात.

गोकुळ: रिकामा न्हाई वो. पॅनलवर मानूस बसल्यालाच आसावा लागतो. कोल्ड रूम, तळ्यावरची मोटर, समद्याचं खटकं हितंच हाईत. तळ्यावरचा स्टार्टर चोरांनी उपटून न्हेला तवापासनं तिकडं काय ठिवलंच न्हाई. हितनं म्या पाडायचा, हितनंच म्या चढवायचा.

वृषाली: मग पॅनल काय पळून जातंय? समोरच तर आहे. नाव सांगा काहीतरी.

गोकुळ: माझंच द्या की. तेवढंच शेठच्या डोळ्याम्होरं येईल. सात वरसं झाली, अजून मला 'ए लाईटवाल्या' म्हनत्यात.

वृषाली: देतेच बघा. गोकुळ. घेतलं. आता सॅम्पलचं उत्तर. हे इंग्लिशमध्ये आहे, कुणी काही म्हणू दे, हे 'येस, डन' म्हणतं. आपल्या माणसांना काय कळायचंय. मराठी करते. 'होय, काम झाले आहे.' कसं वाटतंय?

गोकुळ: लई गोड. म्या आसा कवा बोललो आसतो तर बायको पळून गेली नसती.

वृषाली: कुठं गेलीय पळून? परवा तर डबा घेऊन आली होती.

गोकुळ: म्हायेरी जाती म्हनून धमक्या तर देती. बरं, म्होरं काय?

वृषाली: कुठल्या ग्रुपवर चालवू विचारतंय. टेस्ट ग्रुप. खाली आणखी बरंच काय काय लिहिलंय, ते असू दे तसंच, सॅम्पलचंच आहे. आता तुमच्या फोनवर कोड येईल, तो वाचून दाखवा पटकन. लगेच जातो तो.

गोकुळ: आला न्हाई. थांबा, दाजीचा फोन येतोय.

वृषाली: कोण दाजी?

गोकुळ: जानकू वो, तळ्यावरचा. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. लंकाबाई न्हाई का तळ्याकडंच्या आपल्या टोमॅटोच्या प्लॉटवर खुरपायला? तीच आक्का.

वृषाली: हां, त्या. अहो, पण कोड अडकेल ना. कट करा, मिनिटभरानं लावा परत.

गोकुळ: केला. ह्यो आला बघा कोड. चार, नऊ, शून्य, दोन, दोन, सात.

वृषाली: बास. बसला. आता टेस्ट ग्रुपवर काहीतरी टाका.

गोकुळ: काय टाकू?

वृषाली: काहीही.

गोकुळ: 'चहा झाला का.' पाठिवला. आयला, उत्तर आलं की. 'गोकुळ: होय, काम झाले आहे.' माझ्याच नावानं मलाच.

वृषाली: चाललं. पहिल्या फटक्यात चाललं. काकांना फोटो काढून पाठवते. अजून टाका.

गोकुळ: 'पगार वाढला का.' होय, काम झाले आहे. लई गुनाचं पोर हाय हे. 'शेठ आमचं जावई हाईत का.' त्याला बी होय म्हनतंय.

वृषाली: ते पुसून टाका, काका बघतील.

गोकुळ: आता बघा, 'पाऊस पडंल का'... पुन्यांदा दाजीचाच फोन. कट केला. हां, बघा, पाऊस बी पडला.

वृषाली: काही अर्जंट असेल त्यांचं.

गोकुळ: अर्जंट कसलं. केबलचा जोड जळलाय तळ्यावर, खटका पाड म्हनंल. म्या फ्यूज काढून खिशात घालून 'पडला' म्हनल्याबिगर तो तारंला बोट लावत न्हाई. बसंल बांधावर बिडी वढत. जातोच आता.

वृषाली: हे एवढं बघून जा. इथं दाखवतंय की बॉटनं किती उत्तरं दिली. आपण टाकले त्याच्याहून एक जास्त दिसतंय.

गोकुळ: म्हंजी?

वृषाली: म्हणजे आणखी कुठंतरी बोललाय हा. टेस्ट ग्रुप सोडून. थांबा. सगळ्या ग्रुपना लागू, अशी खूण आधीपासूनच होती खाली. मी वाचलंच नाही ते. कुठं बोलला... 'पाणी-लाईट' ग्रुप.

गोकुळ: त्यो आमचा ग्रुप. फोन लागला न्हाई तर तिथं लिवायचं, शेठनी दिवाळीपासनं नेम घालून दिलाय. कोन हाय तिथं?

वृषाली: जानकूभाऊच आहेत.

गोकुळ: काय लिवलंय?

वृषाली: 'तळ्याचा खटका पाडला का. जोड सोडतो.'

गोकुळ: आन खाली?

वृषाली: खाली तुमचं नाव आहे. 'होय, काम झाले आहे.'

गोकुळ: खटका वर हाय. ताई, खटका वरच हाय तळ्याचा. तुमी फोन लावा त्याला. लावा फोन.

वृषाली: लावलाय. वाजतोय. पाडला का तुम्ही?

गोकुळ: पाडला. फ्यूज काढला. उचलतोय का?

वृषाली: वाजतोय अजून. उचला हो, उचला. हां, उचलला. जानकूभाऊ? जानकूभाऊ, हात लावू नका. कोण बोलतंय? मावशी, तुम्ही? मावशी, हळू बोला, मला कळत नाही तुम्ही काय म्हणताय.

गोकुळ: आना हिकडं फोन. आक्का? आक्का, म्या आलो. त्याला हात लावू नगंस तू, म्या आलोच.

(तिसऱ्या प्रहरी. मंचरच्या दवाखान्यामागं, कडुलिंबाखालचा सिमेंटचा बाक.)

गोकुळ: आत कुनाला सोडंनात. चिरफाड चाललीय म्हनत्यात. आक्का दाराशी बसलीय. म्या पानी न्हेलं तर तांब्या बाजूला सारला तिनं. वर बघितलं सुदा न्हाई.

वृषाली: काकांचा फोन आला होता.

गोकुळ: काय म्हनलं?

वृषाली: म्हणाले, हवालदार जबाब घ्यायला यायच्या आत तो बॉट काढून टाक. बॉट काढला की त्यानं दिलेली उत्तरंही जातात. मग ग्रुपवर जानकूभाऊंनी विचारलेलं तेवढं उरतं, त्याच्याखाली काहीच नाही. म्हणाले, उत्तराची वाट न बघता माणसानं तारेला हात घातला, दुर्दैव, आपण पोरांचं शिक्षण बघू.

गोकुळ: दाजीनं वाट बघितली न्हाई आसं म्हनायचं?

वृषाली: असंच म्हणायचं.

गोकुळ: त्या मानसानं? ताई, मला ह्ये काम त्यानं शिकिवलं. आमी डोंगरातली मानसं, भात झालं की रिकामीच. डिंभे धरणाखालच्या एका बागायतदाराकडं मोटरीच्या कामाला त्यो मला घेऊन गेला. पैल्याच दिशी म्या घाईनं वायर धराया गेलो तर फाडकन मुस्काटात दिली त्यानं. इचारलंस का, म्हनला. आन आता त्योच यडा ठरायचा, न इचारता मेला म्हनून.

वृषाली: बॉट ठेवला तर उत्तर तुमच्या नावाचं दिसणार, गोकुळभाऊ. हवालदार आधी तुमच्याकडंच येईल. मी बसवलंय, मी सांगेनच. पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला तिथं तुम्हीच दिसणार.

गोकुळ: दिसू द्या. हवालदाराचं मला काय न्हाई. मला आक्काचं पडलंय. तिला वाटतंय म्या लिवलं. तुमी सांगा तिला, ताई. माझं आता ती ऐकायची न्हाई.

वृषाली: कुठल्या तोंडानं सांगू? माझी जीभ रेटत नाही.

गोकुळ: रेटा. आई मेली तवा म्या हिच्या कडंवर व्हतो. लगीन झालं तरी मला संगट घेऊन आली सासरी, दाजीनं एका सबदानं न्हाई म्हनलं न्हाई. मला तिच्याबिगर कोन न्हाई आन तिला बी माझ्याबिगर म्हायेर न्हाई. ती मला आसं तांब्या सारून ठिवाया लागली तर म्या जगून काय करू?

वृषाली: त्या उठल्यात. इकडंच येतायत.

लंकाबाई: बसा. उठू नगा माझ्यापायी. डाक्टर म्हनला अजून येळ हाय.

वृषाली: मावशी, तुम्ही बसा इथं.

लंकाबाई: बसूनच आले. बाई, तुला येक इचारायचं. तू शिकल्याली हाईस. ह्यो मपला भाऊ खोटं का बोलला, ते तरी सांग मला. त्याला न्हाई इचारत म्या. तुला इचारते.

वृषाली: काय बोलले ते?

लंकाबाई: झालंय म्हनला ना. म्या खुरपत व्हते वरल्या सरीला. ह्यांनी फोन लावला, उचलला न्हाई. परत लावला, न्हाई उचलला. म्या म्हनले, ऱ्हाऊ द्या, जेवून घ्या आदी. तर म्हनलं, पानी थांबलंय, झाडं सुकत्यात. मंग फोनवर लिवीत बसलं, येक येक अक्शर शोधून. आन लगीच टुनकन वाजला फोन. हसलं. मला वाचून दाखिवलं. 'गोकुळ म्हनतोय, होय, काम झाले आहे. बघ, शेठच्या संगतीनं बोलाया शिकला तुपला भाऊ.' आसं म्हनलं आन उतरलं खाली.

गोकुळ: आक्का...

लंकाबाई: तुला न्हाई इचारत म्हनले ना.

वृषाली: मावशी, ते यांनी लिहिलं नाही. माझ्याकडं बघा. यांनी त्यातला एक शब्दही लिहिलेला नाही.

लंकाबाई: त्याचं नाव व्हतं. ह्यांना वाचता येत व्हतं, सातवी झालं व्हतं.

वृषाली: नाव मी दिलं. काकांनी सांगितलं म्हणून एक मशीन बसवत होते मी त्या चॅटमध्ये, आपोआप उत्तर देणारं. त्याला नाव द्यावं लागतं, म्हणून मी गोकुळ दिलं. गंमत म्हणून. ते मशीन कुणालाही, काहीही विचारलं तरी एकच बोलतं. मला ते दुसऱ्या एका ग्रुपवर लावायचं होतं. ते तुमच्या ग्रुपवरही लागलं आणि मला कळलं नाही.

लंकाबाई: म्हंजी मानूस न्हवता कोन?

वृषाली: नाही.

लंकाबाई: मानूस न्हवता आन बोलला? आन शुद्द बोलला?

वृषाली: ते इंग्लिशमध्ये बोलायचं. मराठी मी केलं.

लंकाबाई: कशाला केलंस गं? इंग्रजी आसतं तर ह्यांनी वाचलं तरी नसतं. फोन खिशात घालून बसलं आसतं तसंच.

वृषाली: हो.

लंकाबाई: मला दाव. म्या आशी ऐकून मानायची न्हाई. तू बी त्याच्या संगतीची, त्याला सोडवाया बोलत आसशील.

वृषाली: दाखवते. हा माझा फोन. गोकुळभाऊ, तुमचा फोन मावशींच्या हातात द्या. आता बघा, त्यांच्या हातात काही नाही. मी लिहिते. काय लिहू?

लंकाबाई: ह्यांनी जे लिवलं त्येच लिव.

वृषाली: 'तळ्याचा खटका पाडला का. जोड सोडतो.' आलं. वाचू?

लंकाबाई: वाच.

वृषाली: 'गोकुळ: होय, काम झाले आहे.'

लंकाबाई: आन मपला नवरा आत पडलाय. ते ठावं न्हाई त्याला.

वृषाली: त्याला काहीच माहीत नसतं, मावशी.

लंकाबाई: मंग त्याला इचार, त्यो जिता हाय का म्हनून.

वृषाली: नको, मावशी. मी नाही लिहिणार.

लंकाबाई: का?

वृषाली: त्यालाही ते होय म्हणेल.

लंकाबाई: बरं. नगं लिवू.

गोकुळ: आक्का, पटलं ना आता? म्या न्हाई लिवलं. देवाशप्पत, म्या त्याला झालंय म्हनलो न्हाई.

लंकाबाई: पटलं. तू न्हाई लिवलंस. बाई, ह्येचं म्होरं काय व्हनार?

वृषाली: काका म्हणतात, हे काढून टाक. काढलं की पोलिसांना फक्त जानकूभाऊंनी विचारलेलं दिसेल. म्हणजे त्यांनीच वाट न बघता हात घातला, असं ठरेल.

लंकाबाई: आसं ठरवत्यात का?

वृषाली: मी काढणार नाही. आत्ता तुमच्यासमोर ठरवते असं नाही, फोनवरच नाही म्हटलं मी त्यांना. ते म्हणाले, उद्यापासून कामावर येऊ नको, घरीही येऊ नको. सगळं हवालदाराला दाखवणार आहे मी. कुणी बसवलं, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं.

लंकाबाई: दाव. तुला सराप द्यायला तोंड उघडत व्हते म्या, पर आता ऱ्हाऊ दे. तू येवढं कर. मपला नवरा न इचारता हात घालनारा न्हवता, येवढं लिवून घ्यायला लाव त्यांना. माझ्या पोरांना उद्या कोनी म्हनू ने, तुपला बाप बिनडोक व्हता.

वृषाली: लावते, मावशी.

लंकाबाई: आन तू. आता तुला इचारते.

गोकुळ: इचार, आक्का.

लंकाबाई: ह्यो तुपला फोन. सकाळी कुनाच्या हातात व्हता?

गोकुळ: माझ्याच.

लंकाबाई: ह्यांनी दोन डाव लावला. वाजला का?

गोकुळ: वाजला.

लंकाबाई: त्यो बी त्या मशीननंच तोडला का?

वृषाली: मावशी, तो मी सांगितला कट करायला. माझा कोड यायचा होता, मीच...

गोकुळ: पैला त्या म्हनल्या म्हनून तोडला. दुसरा म्या. मला कोन काय म्हनलं न्हवतं. आमी त्या मशीनला काय बी इचारत व्हतो आन हसत व्हतो. मला वाटलं, बसंल दाजी बांधावर. त्यो काय माझ्या सबदाबिगर हात लावतोय व्हय.

लंकाबाई: ठावं व्हतं तुला, काय कामाला फोन करत्यात ते?

गोकुळ: ठावं व्हतं.

लंकाबाई: बरं केलंस, खरं बोललास.

गोकुळ: मार मला, आक्का. दाजीनं मारली तशी मार.

लंकाबाई: म्या कशाला मारू? माझ्या अंगात तेवढं बळ न्हाई आता.

वृषाली: शिपाई बोलावतोय. झालं वाटतं आतलं. गाडी मी सांगितलीय, तुमच्या गावापर्यंत सोडेल वर. मीही येते, तुम्हाला चालत असेल तर.

लंकाबाई: तू हितंच थांब, हवालदार येईल. तुजं काम हितं हाय.

गोकुळ: आक्का, म्या येतो गाडीतनं. दाजीच्या आईला, म्हतारीला म्या सांगतो. तुला न्हाई सांगाया लावत.

लंकाबाई: ये. म्हतारीला सांग. खांदा बी दे. पोरं ल्हान हाईत, तिथं तुला कोन न्हाई म्हननार न्हाई, म्या बी न्हाई.

गोकुळ: आन दुखवट्याला, आक्का?

लंकाबाई: दुखवट्याचं लुगडं म्हायेराचंच लागतं. त्ये तुलाच घ्याया लागंल, दुसरं कोन हाय मला.

गोकुळ: घेतो. मंचरातनंच घेतो, चांगलं बघून.

लंकाबाई: घे. पर तू घेऊन येऊ नगंस. कुनाच्या तरी हाती धाड.